डेल्को

गाडी बंद पडली ती शहापूर मागे टाकल्यावर, कसाऱ्याचा घाट लागायच्या बराच आधी. आधी एक हिसका, मग दुसरा, मग इंजिनाचा आवाजच गेला. मी कशीबशी ती डावीकडे मातीत उतरवली. शेजारी बसलेले बाबा काहीच बोलले नाहीत. ते न बोलणंच मला जास्त लागलं, कारण बरोबर नऊ दिवसांपूर्वी त्यांच्या मनाविरुद्ध मी या गाडीचं इग्निशन बदललं होतं.

गाडी म्हणजे १९८७ ची प्रीमियर पद्मिनी. आजोबांनी पैसे भरून नंबर लावला आणि काही वर्षांनी गाडी मिळाली, तेव्हा तशीच पद्धत होती. बाबा त्या गाडीची कामं स्वतः करायचे. महिन्या-दोन महिन्यांतून एका रविवारी बॉनेट उघडायचं, डेल्कोचं झाकण काढायचं, पॉलिश पेपरचा बारीक तुकडा पॉइंटमध्ये सरकवून दोन-चारदा घासायचा आणि गॅप लावायचा. लहानपणी मी टॉर्च धरायला असायचे.

दोन वर्षांपूर्वी बाबांचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या. जेवताना, लिहिताना ते निभावून नेतात. पण पॉइंटचा स्क्रू गव्हाच्या दाण्याएवढा असतो, आणि तो डेल्कोच्या पोटात पडला की शोधत बसावं लागतं. मागच्या पावसाळ्यात तो एकाच दुपारी तीन वेळा पडला. तिसऱ्यांदा बाबांनी बॉनेट बंद केलं, हात पुसले आणि म्हणाले, "विकून टाकू. कोण करणार आता हे?"

त्याच महिन्यात गाडी पीयूसीत नापास झाली. नोंदणीचं नूतनीकरणही जवळ आलं होतं. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते, पण पदवी इलेक्ट्रॉनिक्सची आहे. मला वाटलं, हा प्रश्न सोपा आहे. पॉइंट काढायचे, इलेक्ट्रॉनिक किट बसवायचं. घासणं नको, स्क्रू नको, विकणंही नको.

शहापूरच्या पुढे मातीत उभं राहिल्यावर कळलं की प्रश्न मला समजलाच नव्हता. नंतर मी त्याच्या इतिहासात शिरले. हा लेख त्याबद्दल आहे.

एक ठिणगी, वेळेवर

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ दाबली जाते आणि नेमक्या क्षणी तिथे ठिणगी पडावी लागते. ठिणगीसाठी हजारो व्होल्ट लागतात, बॅटरी देते बारा. मधलं काम कॉईल करते. कॉईलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात, एक थोड्या जाड वेढ्यांचं, दुसरं हजारो बारीक वेढ्यांचं. जाड वेटोळ्यातून करंट सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तो करंट अचानक तोडला की क्षेत्र कोसळतं आणि बारीक वेटोळ्यात वीस हजार व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त दाब उभा राहतो. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व हेच. पॅरिसमधल्या रुहमकोर्फने १८५० च्या दशकात त्याची चांगली कॉईल केली आणि लेन्वारने १८६० मध्ये ती आपल्या गॅसवर चालणाऱ्या इंजिनाला लावली.

कळीचा शब्द 'तोडणं' हा आहे. करंट नेमका केव्हा आणि किती स्वच्छ तुटतो, यावर सगळं अवलंबून. पद्मिनीचं चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर मिनिटाला ६,००० ठिणग्या लागतात. म्हणजे सेकंदाला शंभर. एका ठिणगीच्या वाट्याला दहा मिलिसेकंद येतात आणि त्यातच कॉईल भरायची, तोडायची, पुन्हा भरायची.

पद्मिनीत हे तोडण्याचं काम पॉइंट करतात. म्हणजे धातूचे दोन छोटे ठिपके, एक स्थिर, एक स्प्रिंगवर हलणारा. मधला चौकोनी दांडा फिरतो आणि त्याचा कोपरा हलणाऱ्या ठिपक्याला ढकलून दूर करतो. शेजारचा कंडेन्सर त्या क्षणी जाळ होऊ देत नाही. तरी दर वेळी कणभर धातू जळतोच. म्हणून घासणं, म्हणून गॅप, म्हणून बाबांचे रविवार.

पहिली वायर, पहिली दुरुस्ती

मोटारीच्या अगदी सुरुवातीपासून इग्निशन ही डोकेदुखी होती. कार्ल बेंझला आपल्या गाडीतला सगळ्यांत अवघड प्रश्न हाच वाटायचा. त्याचा स्पर्धक डाइमलर तर विजेच्या नादी न लागता बाहेरून ज्योतीने तापवलेली नळी वापरायचा. बेंझने मात्र बॅटरी आणि थरथरणाऱ्या पट्टीची कॉईल निवडली.

ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बेर्टा दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्या गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. मोटारीतून केलेला पहिला लांबचा प्रवास म्हणून तो आज ओळखला जातो. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. आणि इग्निशनच्या तारेवरचं आवरण घासून गेलं, तेव्हा तिने पायमोज्याचा पट्टा काढून तारेला गुंडाळला, असं सांगितलं जातं.

म्हणजे मोटारीच्या पहिल्या मोठ्या प्रवासातली एक दुरुस्ती इग्निशनच्या वायरिंगची होती. ती रस्त्यात झाली, हाताशी होतं त्या वस्तूने झाली आणि मोटारीच्या शोधाचं पेटंट जिच्या नावावर नव्हतं तिने केली. सवाशेहून जास्त वर्षांनी मी त्याच जातीच्या वायरपुढे उभी होते, आणि माझ्याकडे पदवी होती.

डेटनहून कुर्ल्याला आलेला शब्द

पुढची काही दशकं लोक वेगवेगळ्या वाटांनी गेले. जर्मनीत बॉशच्या कारखान्यात होनोल्डने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो केला, त्याला बॅटरीच लागत नसे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनिअर दुसरं काहीतरी करत होता. तो आधी दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता. एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागच्या कोठारात मित्रांना जमवून त्याने बॅटरीवर चालणारं इग्निशन तयार केलं. १९१० च्या कॅडिलॅकवर ते आलं. १९१२ च्या कॅडिलॅकवर तर सेल्फ स्टार्टर, दिवे आणि इग्निशन एकाच विजेच्या व्यवस्थेत बांधले गेले. पॉइंट, कंडेन्सर, कॉईल आणि ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर ही मांडणी पुढची साठेक वर्षं जगभर टिकली.

केटरिंगच्या कंपनीचं नाव होतं डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की होतं डेल्को.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसले. कारण मुंबईचे मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला डिस्ट्रिब्युटर म्हणतच नाहीत. ते म्हणतात डेल्को. डेल्कोचं झाकण, डेल्कोचा पॉइंट. मला आयुष्यभर तो एखाद्या सुट्या भागाचा देशी शब्द वाटत होता. प्रत्यक्षात तो एका अमेरिकन गावाचा पत्ता निघाला.

बाबांचे जुने मिस्त्री कुर्ल्याचे. त्यांना फोनवर हे सांगितलं तर ते हसले. "अपने को तो लगता था ये इधरही बनता है."

त्यांचंही चूक नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, तिचा कारखाना कुर्ल्यातच. तिथे आधी क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या जायच्या, मग फियाट आली. १९५४ पासून फियाट ११००, १९६४ मध्ये तिचं 'डिलाइट' मॉडेल. याच गाडीला १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळालं. इटलीत हे मॉडेल १९६६ मध्ये बंद झालं. कुर्ल्यात ते २००० च्या आसपासपर्यंत निघत राहिलं. परवान्यांचं राज्य, आयातीवर बंधनं, मोजके कारखाने आणि लांबलचक प्रतीक्षा यादी. गाडी बदलण्याचं कारण कारखान्याला नव्हतं आणि दुसरी गाडी घेण्याची सोय गिऱ्हाइकाला नव्हती.

याला आपण मागासलेपण म्हणतो, आणि ते होतंच. पण त्याची एक दुसरी बाजू आहे. तीन-साडेतीन दशकं एकच इंजिन रस्त्यावर असेल तर ते इंजिन सगळ्या शहराला पाठ होतं. टॅक्सीवाल्यांना, फूटपाथवर पान्यांचा डबा घेऊन बसणाऱ्या मिस्त्रीला, बँकेत नोकरी करणाऱ्या माझ्या बाबांना. गाडी 'मिसिंग' करते म्हणजे काय, कॉईल तापली की ओलं फडकं का टाकायचं, पावसात डेल्कोचं झाकण आतून का पुसायचं, हे कुठल्या पुस्तकात न शोधता लोकांना माहीत होतं. २००० नंतर टॅक्स्या सीएनजीवर गेल्या. गॅस पेटवायला ठिणगीचा दाब जास्त लागतो. मिस्त्रींनी तेही करून करून शिकून घेतलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीचं वय वीस वर्षांपुरतं असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत नोंदणी असलेली पद्मिनी टॅक्सी उरली नाही. लोकांनी फोटो टाकले, हळहळ व्यक्त केली. त्या दिवसापासून पाठ असलेल्या गोष्टी विसरायलाही सुरुवात झाली, त्याचा फोटो निघत नाही.

पॉइंट का गेले

जगाने पॉइंट सोडले ते आळसाने नाही. अमेरिकेत १९६३ मध्ये पाँटिअॅकने पॉइंटशिवायचं इग्निशन जादा पैसे भरून मिळेल असं ठेवलं होतं, पण गिऱ्हाइकांना त्याची फारशी गरज वाटली नाही. १९७० च्या कायद्याने धुरावर कडक मर्यादा आल्या आणि चित्र बदललं. ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर पडतं. झिजणारे पॉइंट म्हणजे दर महिन्याला थोडा जास्त धूर. १९७३ पर्यंत क्रायस्लरने अमेरिकेतल्या आपल्या गाड्यांवर इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट दिलं, बाकीचेही मागोमाग आले. ठिपक्यांच्या जागी चुंबकीय सेन्सर आला, आणि करंट तोडायला ट्रान्झिस्टर. घासायला काही उरलंच नाही.

आमची पीयूसी याच कारणाने नापास झाली होती. आमच्या गाडीच्या वयाला हायड्रोकार्बनची मर्यादा १,५०० पीपीएम आहे, आमचा आकडा १,९०० च्या वर होता.

म्हणून मी किट मागवलं. डेल्कोत बसणारी चुंबकाची कडी, एक छोटा काळा डबा, एक लाल वायर, एक काळी. एका संध्याकाळी बसवून झालं. इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं. बाबा बघत होते. म्हणाले, "जुने पॉइंट आणि कंडेन्सर टाकू नकोस." मी ते खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले, त्यांचं मन राखायला.

लग्नपत्रिका

नाशिकला मावसभावाचं लग्न होतं. ऊन मी म्हणत होतं. गाडी थांबली आणि मी लॅपटॉप उघडणाऱ्या माणसासारखी बॉनेट उघडून आत बघत राहिले. काळा डबा काळाच दिसत होता. तो चालतोय की मेलाय, हे बघून कळायची सोयच नव्हती. पॉइंट असते तर निदान उघडझाप दिसली असती.

बाबा उतरले. "डबी काढ," म्हणाले.

पुढची चाळीस मिनिटं ते बोलत होते आणि माझे हात चालत होते. काळा डबा काढला. पॉइंट बसवले, कंडेन्सर लावला. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून बोटभर पुढे ढकलायची, म्हणजे आतला दांडा फिरतो. "थोडी अजून. थांब. कोपरा उंचवट्यावर आला बघ. आता गॅप." गेज आमच्याकडे नव्हता. बाबांनी मागच्या सीटवरची लग्नपत्रिका घेतली, कोपरा बोटांत चोळून बघितला आणि तेवढा तुकडा फाडून माझ्या हातात दिला. "हा अडकत अडकत सरकला पाहिजे. सुटा नको, घट्ट नको."

तुकडा अडकत अडकत सरकला. मी स्क्रू आवळला. तो पडला नाही.

इंजिन सुरू झालं. जरा खडखडत, पण झालं. अक्षता चुकल्या, जेवण मिळालं.

तीन व्होल्ट कुठे गेले

घरी आल्यावर तो काळा डबा मी टेबलावर तपासला. तो ठणठणीत होता. मग मी ते केलं जे अगदी पहिल्यांदा करायला हवं होतं. मल्टिमीटर लावला.

बॅटरीवर १२.४ व्होल्ट. पॉइंट मिटलेले असताना कॉईलच्या टोकावर ९.८. मधले २.६ व्होल्ट वायरिंगने खाल्ले होते. बॅटरीतून निघालेला करंट आधी चावीच्या स्विचमध्ये जातो, तिथून डॅशबोर्डमागून बॉनेटखाली येतो आणि वाटेत त्याला चार जोड लागतात. प्रत्येक जोडाला हिरवट गंज होता. एका ठिकाणी नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेली होती, बहुधा तीस वर्षांपूर्वीची. चावीच्या स्विचला हात लावला तर तो कोमट लागत होता. साडेतीनेक अँपिअरच्या आतला करंट, तरी आठ वॉट उष्णता वायरिंगमध्येच वाया जात होती.

कॉईलमधली ऊर्जा करंटच्या वर्गावर अवलंबून असते. दाब ९.८ वर आला तर करंट साधारण त्याच प्रमाणात घटतो आणि ऊर्जा जवळपास ६२ टक्क्यांवर येते. स्टार्टर फिरताना बॅटरीचाच दाब पडतो, तेव्हा हाल आणखी. उन्हात तापलेल्या जोडांनी अजून थोडे व्होल्ट खाल्ले, आणि ठरावीक दाबाखाली काळ्या डब्याने काम थांबवलं.

पॉइंट तसे थांबत नाहीत. दाब कमी झाला तर ठिणगी अशक्त होते, गाडी रडत रडत चालते. पॉइंट हळूहळू बिघडतात आणि इलेक्ट्रॉनिक्स एकदम. म्हणूनच पॉइंटनी हा बिघाड इतकी वर्षं लपवून ठेवला होता.

हे आकडे बाबांना दाखवायला मी घाबरत होते. कारण त्यांचा दुसरा अर्थ मला दिसत होता. गेली काही वर्षं पॉइंट वरचेवर घासावे लागत होते. बाबांना वाटायचं आपल्या हाताने गॅप नीट लागत नाही. गाडी मिसिंग करायची आणि ते पुन्हा झाकण उघडायचे. दोष बराचसा गंजलेल्या जोडांचा होता आणि ते तो आपल्या बोटांवर घेत होते.

त्यांनी कागद नीट वाचला. मग म्हणाले, "म्हणजे मी नव्हतो." आणि थोड्या वेळाने, "वायर बदल सगळी."

परत जाता येईल अशी दुरुस्ती

ती मी दोन रविवारांत बदलली. बॅटरीपासून रिलेपर्यंत अडीच स्क्वेअरची वायर, रिलेपासून कॉईलपर्यंत दीडची. चावीचा स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो, त्यातून करंटचा जेमतेम थेंब जातो. आमच्या गाडीत इग्निशनला फ्यूजच नव्हता, तो दहा अँपिअरचा बसवला. प्रत्येक टोकाला पीळ न देता थिंबल दाबली. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी घासून चकचकीत केली, कारण गेलेला करंट परतही यावा लागतो. जुन्या तांब्याच्या प्लग वायरींच्या जागी रेझिस्टन्सवाल्या घातल्या. तांब्याच्या वायरींतून निघणारा विजेचा गोंगाट इलेक्ट्रॉनिक्सला गोंधळात पाडू शकतो. मग कॉईलवर मोजलं, १२.१. आणि त्यानंतरच काळा डबा परत डेल्कोत गेला.

पीयूसीत हायड्रोकार्बन ६४० आला. नोंदणी पाच वर्षांसाठी पुढे गेली. गाडी विकायचा विषय निघालेला नाही.

पण मूळ वायर मी काढून टाकली नाही. तिचे जोड साफ केले, टोकाला टोपण घातलं आणि नव्या वायरीशेजारी बांधून ठेवली. रिले गेला तर ती कॉईलला जोडून घरी येता येईल. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही नवीन काही चढवताना जुन्यावर परत जायची वाट ठेवतो. ही शहाणी सवय मी गाडीच्या बाबतीत का विसरले, ते मला सांगता येत नाही. बहुतेक मला वाटत होतं की जुनं म्हणजे नुसतं जुनं.

इग्निशनच्या इतिहासात दर पावलाला चालवणाऱ्याच्या हातातलं एक काम कमी होत गेलं. ते बरंच झालं. माझ्या बाबांना ते काम आता झेपत नाही, आणि ते झेपत नसतानाही त्यांना गाडी मिळायला हवी. पण काम गेलं की त्याबरोबर ते कसं करायचं हेही जातं, आणि ते गेल्याचं रस्त्यात थांबल्यावरच कळतं.

डॅशबोर्डच्या कप्प्यात ती डबी अजून आहे. पॉइंट, कंडेन्सर आणि लग्नपत्रिकेचा तो तुकडा. सोबत घडी घातलेला एक कागद. वायरिंगचा नकाशा मी काढला, रंगांची नावं बाबांनी लिहिली. अक्षर हललेलं आहे, पण वाचता येतं. डिस्ट्रिब्युटरच्या चौकोनाजवळ त्यांनी लिहिलंय, डेल्को.